आळस की थायरॉइड?

होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी 'कुंभकर्ण' असतेच. सकाळचं पहिलं लेक्चर बुडवणारी, दुपारी रूमवर येऊन पुन्हा आडवी होणारी, सगळ्या जणी उकाड्यानं हैराण असताना 'पंखा जरा कमी करा ना' म्हणणारी. तिच्यावर गॅदरिंगला फिशपाँड पडतात, ती स्वतःही हसते. यातल्या बहुतेक जणी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गप्पा मारतात म्हणून सकाळी झोपतात, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही! पण काही जणी नऊ तास झोपूनही थकलेल्याच उठतात. केस मूठमूठ गळतात, पाळी दोन-दोन महिने येत नाही किंवा आली की थांबत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही. घरचे म्हणतात आळस, मैत्रिणी म्हणतात नाटक, आणि हळूहळू त्या मुलीलाही तसंच वाटायला लागतं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी त्यांच्यातलीच एक. इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि गेली दोन वर्षं रोज सकाळी एक छोटीशी गोळी घेते. मी डॉक्टर नाही, होऊ घातलेली इंजिनीअर आहे. त्यामुळे कोणी कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही. पण ही सिस्टिम चालते कशी, बिघडते कुठे आणि मोजायची कशी, एवढं नक्की सांगू शकते. आणि मित्रांनो, 'हे मुलींचं पान' म्हणून पुढे जाऊ नका. शेवटी तुमच्यासाठीही काम आहे.

१५ ग्रॅमचा कारखाना

शाळेच्या पुस्तकात 'अवटू ग्रंथी' वाचल्याचं आठवतंय? तीच ही थायरॉइड. गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून बसलेली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी. वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. ती मुख्यतः दोन संप्रेरकं म्हणजे हॉर्मोन्स बनवते, टी-४ आणि टी-३. हे आकडे काही गूढ नाहीत. रेणूत आयोडीनचे किती अणू आहेत तेवढाच तो आकडा. थायरॉइड प्रामुख्यानं टी-४ तयार करते. शरीरातल्या पेशी त्यातला एक आयोडीन काढून टी-३ बनवतात, आणि खरं काम टी-३ करतं.

काम काय? शरीराचा वेग ठरवणं. हृदय किती जोरात धडकायचं, अन्नाची ऊर्जा किती झपाट्यानं वापरायची, आतडी किती हलायची, त्वचा आणि केस किती वेगानं नवे व्हायचे, मेंदूनं किती चटचट विचार करायचा. म्हणूनच हॉर्मोन कमी पडलं की तक्रारी एका जागी दिसत नाहीत, सगळीकडे थोड्या थोड्या दिसतात. थंडी वाजते, पोट साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, सकाळी डोळे सुजल्यासारखे दिसतात, मन उदास राहतं. प्रत्येक तक्रारीला वेगळं कारण सहज सापडतं. मेसचं जेवण, बोअरचं जड पाणी, सबमिशनचं टेन्शन! मलाही पहिल्यांदा 'हवापाणी बदललं की असं होतं' हेच सांगून परत पाठवलं होतं.

टाकी, पंप आणि वॉचमनकाका

आता आपल्या विषयाकडे येते. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण क्लोज्ड लूप शिकतो. थायरॉइड हे त्याचं उत्तम उदाहरण आहे, आणि ते समजायला आपल्या होस्टेलची पाण्याची टाकी पुरेशी आहे.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उतरलं की वॉचमनकाका खाली पंपवाल्याला हाक मारतात. पंप सुरू झाला आणि टाकी भरली की हाका बंद. पाणी चढलंच नाही, तर दुसरी हाक, तिसरी हाक, प्रत्येक वेळी आवाज वाढलेला. शरीरात टाकीतलं पाणी म्हणजे रक्तातलं टी-४. पंप म्हणजे थायरॉइड. वॉचमनकाका म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युइटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी. त्यांची हाक म्हणजे टीएसएच. आणि काकांना 'टाकी किती भरलेली हवी' हे सांगणाऱ्या रेक्टर मॅडम म्हणजे हायपोथॅलॅमस. त्या टीआरएच नावाच्या हॉर्मोनमधून सूचना देतात.

एवढं समजलं की थायरॉइडचा रिपोर्ट वाचता येतो. माझा पहिला टीएसएच ३८ आला होता. घरी फोन केला तर मावशी म्हणाली, "अगं बाई, एवढा वाढलाय थायरॉइड!" प्रत्यक्षात अर्थ बरोबर उलटा होता. थायरॉइड कमी पडत होती म्हणून काका ओरडत होते. टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइडचं काम कमी, याला हायपोथायरॉइडिझम म्हणतात. टीएसएच अगदी तळाला गेलेला म्हणजे बहुधा थायरॉइडचं काम गरजेपेक्षा जास्त, तो हायपरथायरॉइडिझम. त्यात सगळं उलट. धडधड, हात थरथरणं, घाम, भूक असूनही वजन उतरणं, झोप न लागणं.

मोठ्या माणसांत टीएसएचची नेहमीची रेंज साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असते. लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून आपल्या रिपोर्टवर छापलेली रेंजच पाहायची. मग डॉक्टर टी-४ सोडून टीएसएचच आधी का बघतात? कारण इथे जबरदस्त गेन आहे. टी-४ निम्म्यावर आलं तर टीएसएच साधारण शंभरपट वाढतो. टाकीतला किरकोळ फरक पाण्यात दिसणार नाही, पण काकांच्या आवाजात लगेच ऐकू येईल. अर्थात काकांचाच घसा बसला असेल, म्हणजे पिट्युइटरीतच दोष असेल, तर नुसत्या हाकेवर विसंबून चालत नाही. म्हणून शंका असली की सोबत फ्री टी-४ सुद्धा तपासतात.

टीएसएच थोडासाच वाढलेला आणि टी-४ नॉर्मल असेल, तर लगेच गोळी सुरू होतेच असं नाही. बऱ्याचदा काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. एका रीडिंगवर निष्कर्ष काढू नये, हे आपल्याला प्रॅक्टिकलमध्ये सांगतातच की!

पंप बिघडतो कशानं?

पूर्वी आपल्या देशात याचं मोठं कारण होतं आयोडीनची कमतरता. हिमालयाच्या पायथ्याला गळ्याला गलगंड असलेली गावंच्या गावं होती. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात एक प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग केले, दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ दिलं आणि एका भागात साधं. काही वर्षांत आयोडीनवाल्या भागांतले गलगंड स्पष्टपणे कमी झाले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनशिवायचं मीठ विकायला देशभर बंदी आली. कारखान्यात मिठात दशलक्ष भागांमागे किमान ३० भाग आयोडीन असावं आणि आपल्या हातात पडेपर्यंत किमान १५ भाग उरावं, असा हिशेब आहे. मधली गळती गृहीत धरलेलीच आहे. म्हणून मिठाचा डबा झाकून आणि शेगडीपासून लांब ठेवावा. मेसच्या मावशींना ही विनंती!

आज आपल्याकडे सर्रास दिसणारं कारण वेगळं आहे. आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा थायरॉइडला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. जपानी सर्जन हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या थायरॉइडचा अभ्यास करून या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोतोचा आजार म्हणतात. रक्तात 'अँटी-टीपीओ' नावाची प्रतिपिंडं सापडली की तो ओळखू येतो. हा घराण्यात फिरतो. आई, मावशी, आजी यांपैकी कोणाला असेल तर आपली शक्यता वाढते. अशा स्वतःवर उलटणाऱ्या आजारांचं प्रमाणच बायकांत जास्त आहे, त्यामुळे थायरॉइडच्या तक्रारीही त्यांच्यात पुरुषांच्या पाच ते आठ पट आढळतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या एका भारतीय पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉइड कमी काम करताना आढळली. आपल्या ६० जणांच्या वर्गाचे पालक एका हॉलमध्ये बसवले, तर त्यातल्या किती जणांना हे असू शकेल, गणित तुम्हीच करा.

पाळीशी याचा काय संबंध?

संबंध थेट आहे. थायरॉइड कमी पडली की वरून टीआरएचचा जोर वाढतो. पण टीआरएच फक्त टीएसएच वाढवून थांबत नाही, ते प्रोलॅक्टिन नावाचं दुसरं हॉर्मोनही वाढवतं. प्रोलॅक्टिन वाढलं की बीजांड वेळेवर सुटत नाही आणि पाळीचं वेळापत्रक कोलमडतं. आपल्या भाषेत सांगायचं तर एका लूपचा सिग्नल दुसऱ्या लूपमध्ये गळतो. कधी पाळी लांबते, कधी रक्तस्राव खूप होतो. रक्तस्राव खूप झाला की हिमोग्लोबिन उतरतं, आणि थकव्यात आणखी भर.

इथेच गोंधळ होतो, कारण थकवा आणि अनियमित पाळी या तक्रारी तीन वेगवेगळ्या गोष्टींत सारख्याच असतात. पहिली थायरॉइड. दुसरी रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, म्हणजे निम्म्याहून अधिक! आणि तिसरी पीसीओडी. होस्टेलवर कुणाची पाळी चुकली की पहिल्या दिवशीच मैत्रिणी पीसीओडीचं निदान करून मोकळ्या होतात. वास्तविक त्या निदानासाठी तीन निकष आहेत. अनियमित पाळी, पुरुषी हॉर्मोनचं जास्त प्रमाण (चेहऱ्यावर जाड केस, खूप मुरुमं) आणि सोनोग्राफीत अंडाशयाचं विशिष्ट चित्र. यांपैकी किमान दोन लागतात, आणि त्याआधी टीएसएच आणि प्रोलॅक्टिन तपासून ती कारणं बाजूला काढावी लागतात. शिवाय पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षं सोनोग्राफीतलं ते चित्र निरोगी मुलींतही दिसू शकतं, म्हणून आपल्या वयात नुसत्या सोनोग्राफीवरून ठरवत नाहीत.

मोजायला शिकवणारी बाई

ही तपासणी शक्य झाली ती एका अशा बाईमुळे, जी आपल्या कॉलेजमधल्या मुलींना अगदी जवळची वाटेल. रोझलिन यालो. १९४१ मध्ये त्या इलिनॉय विद्यापीठात फिजिक्स शिकायला गेल्या, तेव्हा तिथल्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या शिकवणाऱ्या ४०० जणांत त्या एकट्या स्त्री होत्या. मेकॅनिकलच्या वर्गातल्या आपल्या मुलींनी कल्पना करून बघावी! त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, डॉक्टरेट अणुभौतिकीतली. १९५० च्या दशकात सॉलोमन बर्सन या डॉक्टरांबरोबर त्यांनी किरणोत्सारी खूण लावून रक्तातलं अत्यल्प हॉर्मोन मोजण्याची पद्धत शोधली. दोघांनी तिचं पेटंट घेतलं नाही. १९७७ मध्ये यालोंना नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच वारले होते. आज बहुतेक लॅबमध्ये किरणोत्साराऐवजी प्रकाश देणारी रसायनं वापरतात, पण मूळ कल्पना त्याच घराण्यातली.

सेन्सर आला की एरर आलीच. केस गळतात म्हणून आपल्यातल्या अनेक जणी बायोटिनच्या गोळ्या घेतात. टीएसएच मोजणाऱ्या बऱ्याच किटमध्ये बायोटिनचाच वापर असतो, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की रिपोर्ट खोटा येऊ शकतो. म्हणजे ज्या थायरॉइडमुळे केस गळतायत, तीच रिपोर्टमध्ये लपणार! तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं आणि आपण ते घेतो हे डॉक्टरांना सांगावं.

गोळीचं शास्त्र

थायरॉइडचं औषध फार जुनं आहे. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका बाईंना बरं केलं, त्या पुढे २८ वर्षं जगल्या. आजची गोळी प्रयोगशाळेत बनते आणि तिच्यात असतं लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे आपलंच टी-४. शरीर बनवत नाही ते बाहेरून भरायचं, इतकंच. 'सवय लागेल' ही भीती व्यर्थ आहे. चष्म्याची सवय लागते म्हणून आपण फळा अंधूक बघत नाही.

मात्र दोन गोष्टी पाळाव्या लागतात. एक, गोळी रिकाम्या पोटी फक्त पाण्याबरोबर, आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासानं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनंतर, नाहीतर त्या हिला शोषूच देत नाहीत. दोन, धीर. टी-४ चा हाफ-लाइफ साधारण सात दिवस आहे. डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिर व्हायला पाच हाफ-लाइफ, म्हणजे पाचेक आठवडे लागतात. म्हणून पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. याचीच दुसरी बाजू धोक्याची आहे. गोळी बंद केली तरी पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही. 'बघ, गोळीशिवायही मी छान आहे' असं वाटतं. आणि मग टाकी हळूहळू रिकामी होते ती नेमकी पीएलमध्ये!

आणखी एक विनंती. कोणाची गोळी कोणी घेऊ नका. 'तिच्या गोळीनं बारीक होतात' अशी अफवा आमच्या मजल्यावर फिरून गेली आहे. थायरॉइड कमी असल्यानं वाढणारं वजन सहसा दोन-पाच किलोच असतं, आणि त्यातही बरंचसं साठलेलं पाणी. ज्यांची थायरॉइड ठीक आहे त्यांनी ही गोळी घेतली तर हृदयाची धडधड आणि पुढे हाडांची झीज एवढंच पदरात पडतं.

बाटली कपाटात आत ठेव

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. माझं निदान झालं तेव्हा नात्यातल्या एका बाईंनी आईला हळूच सल्ला दिला, "वहिनी, बाटली जरा आत ठेवायला सांगा तिला. उद्या स्थळं यायला लागतील." आई म्हणाली, "चष्मा घालून बसेल तशी गोळी घेऊन बसेल." माझी आई तशी आहे, सगळ्यांची नसते.

आमच्याच विंगमधली एक मुलगी (तिला विचारूनच लिहिते आहे) गोळ्यांची बाटली मेथीच्या लाडवांच्या डब्यात ठेवायची. रूममेटला कळू नये म्हणून ती नाश्त्याला गेली की मग गोळी. तोपर्यंत हिचा स्वतःचा दुधाचा कप झालेला असायचा. टीएसएच काही उतरेना, डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी उतरेना. औषध बरोबर होतं, निदान बरोबर होतं, फक्त ते लपवणं नडत होतं. रूममेटला सांगितलं त्या दिवसापासून उठल्या उठल्या गोळी, आणि पुढच्या रिपोर्टमध्ये आकडा रेंजमध्ये.

हीच लपवाछपवी लग्नानंतर महागात पडते. थायरॉइडचा आजार असलेल्या बायकांना नीट उपचारांवर निरोगी मुलं होतात. पण गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड कामाला लागलेली नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या टी-४ वर चालते. म्हणून दिवस राहिले की लगेच तपासणी करून बहुतेक वेळा डोस वाढवावा लागतो. सासरी कळू नये म्हणून नेमकी त्याच वेळी गोळी चुकवणारी बाई किती मोठा धोका पत्करते, विचार करा. आजार साधा आहे, तो झाकण्यानं अवघड होतो.

मग करायचं काय?

प्रत्येकीनं धावत लॅबमध्ये जायची गरज नाही. पण थकवा महिनाभर हटत नसेल, पाळी ३५ दिवसांहून जास्त लांबत असेल किंवा तीन महिने आलीच नसेल, गळ्यापाशी फुगवटा दिसत असेल, किंवा घरात कोणाला थायरॉइड असेल आणि यातली एखादी तक्रार असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि टीएसएच व हिमोग्लोबिन तपासायचं का, हे स्पष्ट विचारा. पाळीबद्दल सांगायला लाजू नका, कारण तो तुमच्या केसमधला डेटा आहे.

कॉलेजकडेही मागणी आहे. प्रवेशाच्या वेळी आपण मेडिकल फिटनेसचा फॉर्म भरतो, त्यात उंची, वजन आणि चष्म्याचा नंबर असतो. लेडीज होस्टेलवर वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांचं एक मोकळं सत्र आणि हिमोग्लोबिनची तपासणी झाली, तर फार खर्च येणार नाही. हजेरी कमी भरली म्हणून मुलीला केबिनमध्ये बोलावणाऱ्या सर-मॅडमनी 'तब्येत बरी आहे ना?' हा प्रश्नही विचारावा.

आणि मित्रांनो, तुमचं काम. हा आजार मुलांनाही होतो, पण तूर्त रविवारी घरी फोन कराल तेव्हा आईला विचारा, शेवटची रक्ततपासणी कधी केली होती? ती 'मला काय धाड भरलीय' म्हणेल. तरी विचारा. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी आया वर्षानुवर्षं थकून घर ओढतात, आणि त्यांना कुणी आळशीही म्हणत नाही, कारण त्या झोपतच नाहीत. सुट्टीत घरी गेलात की त्यांना लॅबपर्यंत घेऊन जा. एक रक्ताची बाटली, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट. तो कसा वाचायचा हे आता तुम्हाला माहीत आहे.